दुपटी ओली झाली का?

आमच्या घरी तान्हे मूल आजारी पडले की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असे. ताप किती आहे, दूध प्यायले का, रडते की निपचित पडले आहे, हे सगळे नंतर. आधी ती बाळाच्या आईला विचारी, "सकाळपासून दुपटी किती ओली झाली ग?" तीनचार झाली म्हटले की तिचा जीव भांड्यात पडे आणि मग ती निवांतपणे वेखंड उगाळायला बसे. परंतु एकही झाले नाही असे कळले, की एरवी डॉक्टरांच्या बिलाची धास्ती घेणारी हीच बाई कुणालातरी टांगा आणायला पिटाळी.

मूत्रपिंड हा शब्द आजीला ठाऊक नव्हता. किडनी तर नव्हताच. तरी बालरोगाच्या जाडजूड ग्रंथांत जे लिहिले आहे तेच ती आपल्या भाषेत विचारीत होती. अंगातले पाणी, क्षार आणि मळ ह्यांचा जमाखर्च ठेवणारा कारकून आत कामावर आहे की नाही, हे बाहेरून ओळखण्याची सोपी खूण ही एकच.

हा कारकून अचानक काम टाकून बसला तर काय होते, आणि ज्या देशांत इस्पितळे थोडी, डॉक्टर त्याहून थोडे आणि पैसा सर्वांत थोडा, तिथे अशा मुलाला वाचवता येते का, ही ह्या लेखाची हकीकत आहे. फराळाचे ताट शेजारी असताना दुखण्याची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण ही गोष्ट नुसती रडकी नाही. तिच्यात हुन्नर आहे, काकडीची कोशिंबीर आहे, आणि थोडा संतापही आहे.

सत्याऐंशी आणि अकरा

हैती हा कॅरिबियन समुद्रातला एक लहानसा आणि फार गरीब देश. १९९५ च्या अखेरीस तिथल्या लहान मुलांत एक चमत्कारिक दुखणे सुरू झाले. मुलाला साधा ताप यायचा. आई तापाचे गोड औषध आणायची, चमच्याने पाजायची. काही दिवसांत मुलाची लघवी थांबायची, अंगावर सूज चढायची आणि पुढे मूल शुद्ध हरपून पडायचे. १९९६ च्या जूनपर्यंत अशी १०९ मुले नोंदली गेली. तपासाअंती कळले की औषधासाठी वापरलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषारी द्रव मिसळलेले होते. तेही चवीला गोडच असते, आणि ग्लिसरीनहून स्वस्त असते. सारे पाप त्या दुसऱ्या गुणाचे.

आता पुढचे आकडे जरा सावकाश वाचावेत. ज्यांचा शेवटपर्यंत माग लागला अशी ८७ मुले हैतीतच उपचार घेत राहिली. त्यांपैकी ८५ गेली. ११ मुलांना अमेरिकेत नेण्यात आले. त्यांपैकी ३ गेली; ८ इस्पितळातून जिवंत बाहेर पडली.

प्रवास झेपेल इतकी धुगधुगी असलेलीच मुले नेली असणार, हे हिशेबात धरले तरी फरक डोळ्यांत भरतो. विष तेच, वये तीच. मग तिकडे मिळाले काय? अतिदक्षता विभागातली अष्टौप्रहर देखरेख, आणि स्वतःची मूत्रपिंडे बंद असेपर्यंत त्यांचे काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घेण्याची सोय. ह्या सोयीलाच डायलिसिस म्हणतात.

मोठ्या माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत आत घेतात. इतकी काटकसर आमच्या आजीलाही जमली नसती. ही मूत्रपिंडे बिघडतात ती दोन तऱ्हांनी. एक म्हणजे हळूहळू, वर्षानुवर्षे झिजून; ती पुन्हा सुधारत नाहीत. दुसरी तऱ्हा एकाएकी बंद पडण्याची. जुलाबांनी अंगातले पाणी आटले, आव पडून रक्त बिघडले, जंतू रक्तात भिनले, मलेरिया झाला, साप चावला, औषधातून विष गेले, की ती संपच पुकारतात. पण ह्या दुसऱ्या तऱ्हेत ती बहुतेक वेळा मेलेली नसतात, बधिर झालेली असतात. मूल तगले तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ती आपण होऊन पुन्हा चालू होतात.

म्हणजे गरज असते ती चार दिवसांच्या बदली कारकुनाची. तो मिळाला तर मूल पुढे साठ-सत्तर वर्षे जगायला मोकळे. तो मिळाला नाही तर? सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या अशा रोग्यांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. डायलिसिसची गरज असून ते ज्यांना मिळाले नाही अशा मुलांपैकी १०० त ७३ दगावली होती.

लाकडी पिंपावरचे यंत्र

डायलिसिस हा शब्द टॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचा. १८६१ मध्ये त्याने चाळणीसारख्या कड्यावर चिवट कागदी पडदा ताणून बसवला, तो पाण्यावर तरंगत ठेवला आणि दाखवून दिले की त्यातल्या द्रवामधले बारीक पदार्थ पडद्यातून पाण्यात उतरतात, मोठे मागे राहतात. खारवलेली कैरी साध्या पाण्यात ठेवली तर तिचा खारटपणा पाण्यात उतरतो आणि कैरी जागेवर राहते. त्यातलाच प्रकार. पण ह्या युक्तीने माणूस वाचवायला आणखी ८४ वर्षे जावी लागली.

विलेम कोल्फ हा हॉलंडमधला तरुण डॉक्टर. १९३८ च्या सुमारास त्याच्या वॉर्डात एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन सावकाश मरण पावला, आणि आपण काही करू शकलो नाही ही गोष्ट कोल्फच्या मनातून गेली नाही. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला. कापडही मिळण्याची मारामार, अशा दिवसांत कांपेन नावाच्या लहान गावी ह्या गृहस्थाने लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप बनवले, त्यावर सॉसेज भरण्यासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीचे वेटोळे गुंडाळले, रोग्याचे रक्त त्या नळीतून फिरवले आणि पिंपाचा खालचा भाग क्षाराच्या पाण्यात बुडवला. हे १९४३ चे. पहिले रोगी एकामागून एक गेले. १९४५ मध्ये, सतराव्या खेपेला, ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. युद्ध संपल्यावर कोल्फने आपली यंत्रे परदेशच्या इस्पितळांना फुकट देऊन टाकली. अशी माणसे असतात.

ह्या यंत्राने मोठी माणसे वाचू लागली. मुलांचे काय? इथे एक अडचण अशी की ती कुणाही आईला पटकन समजेल. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून रक्त असते पाव लिटरच्या आसपास. पाण्याचा एक मोठा पेला. मोठ्यांच्या यंत्राच्या नळ्या आणि गाळणी भरायलाच जवळजवळ तेवढे रक्त लागते. म्हणजे बाळाचे रक्त यंत्रात आणि बाळ रिकामे! शिवाय ते रक्त बाहेर काढायला नस लागते, आणि तान्ह्या मुलाची नस म्हणजे शेवईची काडी.

मुलांना वगळण्याचे दुसरे कारण पैशाचे होते, आणि ते गरीब देशांत नव्हे, अमेरिकेत प्रथम दिसले. सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर ह्या डॉक्टरने १९६० मध्ये हातात कायमची बसवता येणारी टेफ्लॉनची नळी काढली. त्यामुळे कायमची निकामी झालेली मूत्रपिंडे घेऊनही माणूस वर्षानुवर्षे यंत्रावर जगू शकू लागला. यंत्रे मूठभर, रोगी शेकडो. मग १९६२ मध्ये गावातल्या सात प्रतिष्ठित नागरिकांची समिती नेमली. कोणाला यंत्र द्यायचे हे ती ठरवी. माणसाची नोकरी काय, मुले किती, चर्चला जातो का, असले सारे पाहिले जाई. लहान मुलांना त्या यादीत जागाच नव्हती. दोन वर्षांनी तिथल्याच एका शाळकरी मुलीला वयामुळे नकार आला, तेव्हा विद्यापीठातल्या लेस बॅब नावाच्या अणुइंजिनिअरने आपल्या माणसांना कामाला लावले आणि काही महिन्यांत तिच्या घरी चालेल असे लहान यंत्र बनवून दिले. ती मुलगी घरी डायलिसिस घेत शाळा शिकली. पुढे तिच्या मूळ रोगाने ती गेली, पण घरी चालणारे यंत्र जगाला देऊन गेली.

तान्ह्या बाळांसाठीही यंत्रे निघाली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे माल्कम कुल्थार्ड ह्या बालरोगतज्ज्ञाने एक यंत्र आपल्या घराच्या गॅरेजमध्ये जुळवले आणि २००६ मध्ये एका बाळावर वापरले. इटलीतल्या व्हिचेन्झा इथे क्लाउडिओ रोंको ह्यांनी २०१३ मध्ये तीन किलोच्या आतल्या बाळासाठी खास बनवलेले यंत्र चालवले. ही सगळी कौतुकाची कामे. पण टांझानियातल्या किंवा बिहारमधल्या जिल्ह्याच्या गावी, जिथे वीज दुपारी जाते ती दिवेलागणीला येते, तिथे हे यंत्र कोण नेणार, आणि बिघडले तर कोण उघडणार?

काकडीला सुटलेले पाणी

तिथे उपयोगी पडते दुसरी वाट, आणि ती प्रत्येक मुलाच्या पोटात जन्मतःच असते.

आपली आतडी ज्या पिशवीत बसलेली असतात तिला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असते. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात. ह्या अस्तरात रक्ताच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. म्हणजे ग्रॅहमचा पडदा आयताच! पोटाच्या ह्या पोकळीत क्षार आणि साखर घातलेले निर्जंतुक, कोमट पाणी नळीने सोडायचे, थोडा वेळ राहू द्यायचे. रक्तातला मळ अस्तरातून पाण्यात उतरतो. आणि अंगावर चढलेले जास्तीचे पाणी? त्यासाठी साखर. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी जमते, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. घट्ट द्रव पातळ द्रवातले पाणी ओढतो. पोटातले साखरेचे पाणी रक्तातले पाणी तसेच ओढून घेते. मग नळीचा चाप उघडून ते सारे खालच्या पिशवीत सोडून द्यायचे आणि नवे भरायचे. यंत्र नाही, पंप नाही. वरून खाली पडण्याचा पाण्याचा जो धर्म, तेवढ्यावर सगळे चालते.

जर्मनीत गेओर्ग गांटर ह्याने हा प्रयोग १९२३ मध्येच गिनीपिगांवर आणि मग माणसावर केला होता. पोटात महिनोन्‌महिने राहू शकेल अशी मऊ नळी हेन्री टेंकॉफने १९६८ मध्ये आणली. ती अजून त्याच्याच नावाने विकली जाते. आणि ह्या सगळ्यात निसर्गाने लहान मुलांना झुकते माप दिले आहे. वजनाच्या मानाने तान्ह्या मुलाचे पोटातले अस्तर मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असते. रक्ताच्या यंत्राला जी मुले फार लहान, तीच ह्या वाटेला सोयीची.

एक वर्षाचे, दहा किलोचे मूल धरा. एका वेळी तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी; सुरुवातीला त्याहूनही कमी, म्हणजे नळीच्या बाजूने गळणार नाही. भरायला काही मिनिटे, आत राहायला अर्धापाऊण तास, रिकामे व्हायला काही मिनिटे. की लगेच पुढची पाळी. असे रात्रंदिवस. चोवीस तासांत सात ते दहा लिटर, म्हणजे एक कळशीभर पाणी त्या चिमुकल्या पोटातून जाऊन येते. किती आत गेले, किती बाहेर आले, गढूळ तर नाही ना, रक्त तर नाही ना, हे दर पाळीला लिहायचे. हे काम डॉक्टरचे नाही. डॉक्टर नळी घालून जातो. रात्री तीन वाजता डोळ्यांवरची झोप उडवून चाप उघडणारी असते ती नर्स. ह्या उपचारात महाग वस्तू कोणती असे मला कुणी विचारले तर मी नळी म्हणणार नाही, पाणीही म्हणणार नाही. जागी राहणारी, शिकलेली नर्स म्हणेन.

टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी नावाचे गाव आहे. तिथल्या मोठ्या इस्पितळात २००९ मध्ये हा उपचार सुरू झाला. तो तिथे टिकला, रोगी वाचू लागले, तेव्हा मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन २०१२ मध्ये 'सेव्हिंग यंग लाइव्ह्‌ज' हा कार्यक्रम हाती घेतला. त्यांची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. शिकायला एकटा डॉक्टर बोलवायचा नाही. एका इस्पितळातून डॉक्टर आणि नर्स अशी जोडी बोलवायची. केपटाउनच्या रेड क्रॉस बाल-इस्पितळात मिन्यॉन मॅकलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या कितीतरी जणांना हे शिकवले आहे. पोटात नळी कशी सरकवायची, ती तुंबली तर काय करायचे, आणि विकतची सामग्री नसेल तर काय वापरायचे, हे सगळे.

विकतची सामग्री नसेल तर, हे शेवटचे वाक्य श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. डायलिसिसचे तयार पाणी कित्येक देशांत बनतच नाही. जहाजाने येते, बंदरात अडकते, जकात भरावी लागते. आणि मूल तर आज दुपारी आलेले आहे. पण जुलाबाच्या रोग्याला शिरेतून देतात ते रिंगर लॅक्टेटचे सलाइन बहुतेक प्रत्येक इस्पितळात असते. त्यात मोजून ग्लुकोज मिसळले की काम भागण्यासारखे द्रावण तयार होते. टेंकॉफची नळी नसेल तर नाकातून अन्न घालायची नळी किंवा छातीतले पाणी काढायची नळी. पोटातल्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ह्या पर्यायांना उघडपणे जागा दिली. उत्तम मिळत नसेल तर चालण्यासारखे वापरा, पण मुलाला तसेच मरू देऊ नका, असा त्याचा सरळ अर्थ.

ह्यात धोका नाही असे मात्र समजू नये. सलाइनच्या बाटलीला जितक्या वेळा सुई टोचावी तितक्या वेळा जंतूंना दार उघडते, आणि पोटात जंतू गेले तर वाचवायला निघालेला उपचारच जिवावर उठतो. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मलेरिया आणि रक्तदोष झालेल्या प्रौढ रोग्यांत पोटातले डायलिसिस घेणाऱ्यांपैकी १०० त ४७ गेले. रक्त गाळण्याचे यंत्र वापरलेल्यांपैकी १५. झाले! पोटातले डायलिसिस म्हणजे गरिबांची समजूत काढण्याचा उपचार, असे कित्येकांनी ठरवून टाकले. पण तिथली नळी ताठ जुन्या घडणीची होती, निचरा उघड्या बाटलीत होता आणि द्रावणही जुन्या तऱ्हेचे होते. पुढे ब्राझीलमधल्या बोटुकाटू इथे मऊ नळी, बंदिस्त पिशव्या आणि नेमके माप वापरून पुन्हा ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही वाटांनी जगण्या-मरण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. स्वस्त आणि गबाळे ह्यांत फरक असतो. तो फरक करायला शिकवावे लागते, इतकेच.

बांजुल आणि परासिया

हैतीची गोष्ट जुनी झाली, असे वाटत असेल तर पुढे वाचा.

पश्चिम आफ्रिकेत गांबिया हा चिंचोळा देश आहे. २०२२ च्या पावसाळ्यात राजधानी बांजुलच्या मोठ्या इस्पितळात लघवी बंद झालेली लहान मुले येऊ लागली. बहुतेक पाच वर्षांखालची. पुन्हा गोड औषध, ह्या वेळी खोकल्याचे. पुन्हा तेच विष. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचा इशारा दिला. सुमारे ७० मुले गेली. एवढ्या लहान मुलांना डायलिसिस देण्याची सोय देशात नव्हती. काहींना शेजारच्या सेनेगलमध्ये नेण्यात आले. आणि ती औषधे बनवली होती हरियाणातल्या एका कारखान्याने. आपल्या देशात. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण ते लिहिल्यावाचून ही हकीकत खोटी होईल.

मुंबईच्या जुन्या वाचकांना १९८६ चे जे. जे. इस्पितळ आठवत असेल. भेसळीच्या ग्लिसरीनने तिथे १४ रोगी दगावले, न्यायमूर्ती लेंटिन ह्यांचा आयोग बसला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तेच द्रव, तीच हाव. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया गावाच्या आसपास, पुन्हा तेच. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले ते १०० त ४८ हून अधिक. चालण्यासारखी मर्यादा आहे १०० त एक दशांश. वीसहून अधिक मुले गेली.

त्या मुलांना घेऊन आईबाप निघाले ते नागपूरला. छिंदवाड्याहून सुमारे सव्वाशे किलोमीटर. कारण लहान मुलाचे डायलिसिस करू शकेल अशी जवळची जागा ती. तिथल्या इस्पितळांत मुलांना डायलिसिसवर घेतले, डॉक्टर झटले. परंतु हे विष नुसते मूत्रपिंडावर थांबत नाही, मेंदूवरही चढते. आणि ते तिथवर पोचले की डायलिसिसचेही हात टेकतात. ह्यात सव्वाशे किलोमीटरांचा प्रत्येक तास मोजावा लागतो. मी डॉक्टर नाही. पण मोशीसारख्या गावी जमते ते आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या इस्पितळात का जमू नये, ह्या प्रश्नाला मला अजून कुणी सरळ उत्तर दिलेले नाही. २०१६ पासून आपल्याकडे सरकारी डायलिसिस योजना आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रे बसली, लाखो गरीब माणसांचे त्याने भले झाले. पण तीन किलोचे बाळ यंत्राला जोडायचे म्हणजे नळ्या वेगळ्या, गाळणी वेगळी आणि हातही वेगळे लागतात. पोटातल्या डायलिसिसचे मार्गदर्शन सरकारने २०१९ मध्ये काढले आहे. कागद आहे. आता नर्स हवी.

चार दिवसांचे आणि जन्माचे

इथपर्यंत गोष्ट त्या मुलांची झाली ज्यांना बदली कारकून थोडेच दिवस लागतो. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली त्यांची गोष्ट अवघड आहे, आणि ती मी गोड करून सांगणार नाही. जगात २०१० मध्ये सुमारे २६ लाख लोक डायलिसिसवर किंवा बदललेल्या मूत्रपिंडावर जगत होते, आणि निदान २२ लाख लोक ते न मिळाल्यामुळे मेले असावेत, असा एक अंदाज आहे. मुलांच्या वाट्याला त्यात काय आले असेल, ते ओळखता येईल. सिएटलची ती सात जणांची समिती आज कित्येक देशांत एका माणसाची झाली आहे. रात्रपाळीचा डॉक्टर आणि समोर एकच खाट.

तरी कुठे कुठे वाट निघाली. ग्वाटेमालामध्ये रॅन्डल लू-मेडा ह्या बालमूत्रपिंडतज्ज्ञाने २००३ मध्ये सरकारी रूझवेल्ट इस्पितळाला जोडून मुलांसाठी संस्था उभारली. थायलंडने २००८ मध्ये ठरवले की सरकारी खर्चाने डायलिसिस हवे असेल तर आधी पोटाचे, आणि मग त्याच्या पाण्याच्या पिशव्या टपालखात्यामार्फत रोग्यांच्या घरी पोचवल्या. (२०२२ मध्ये तिथे रोग्याला निवडीची मुभा दिली गेली होती.) टपालवाला मनिऑर्डर आणतो हे आपण पाहिले आहे, तिथे तो मूत्रपिंड घेऊन येई.

घरचे हे डायलिसिस आईच करते. नर्स तिला काही दिवस शिकवते. साबणाने हात धुणे, कसे आणि किती वेळ ते, खोलीची दारेखिडक्या लावणे, पंखा बंद करणे, तोंडाला मास्क, नळीचे टोक कशालाही लागू न देणे. दिवसातून चार वेळा. मे महिन्यात पंखा बंद करून. सणाला, लग्नाला, शेजारी मयत झाली तरी. ज्या घरात एकच खोली आहे तिथे बाकीची मंडळी तेवढा वेळ बाहेर ओट्यावर. हे वर्षानुवर्षे केलेल्या आया आपल्या देशातही आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींनी शेवटी आपले एक मूत्रपिंडच मुलाला देऊन हा फेरा संपवला आहे. ह्यात घरातली चांदी, दागिना, कधी जमिनीचा तुकडाही गेलेला असतो, ते वेगळेच.

पण चार दिवसांच्या डायलिसिसला असले काही लागत नाही. २०१३ मध्ये जगातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी एक संकल्प सोडला होता, की अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडांमुळे होणारे टाळता येण्याजोगे मृत्यू २०२५ पर्यंत शून्यावर आणायचे. २०२५ आले आणि त्याच वर्षी परासियाची मुले गेली. संकल्प लटका होता असे मी म्हणणार नाही. त्यातून कितीतरी वॉर्डांत नळ्या आणि शिकलेली माणसे पोचली.

अशा वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकत असतो. पाणी किती आत, किती वाजता, किती बाहेर. आणि अगदी शेवटचा रकाना लघवीचा. पहिले काही दिवस त्या रकान्यात शून्याखाली शून्य असते. नर्स दर तासाला चाप उघडते, लावते, आकडे लिहिते, आणि न चुकता दुपट्याखाली हात घालून पाहते. मग एखाद्या पहाटे ते हाताला दमट लागते. ती दिवा लावते, दुपटे काढून काट्यावर ठेवते, कोरड्या दुपट्याचे वजन त्यातून वजा करते आणि शेवटच्या रकान्यात लिहिते : १२ मिली. मग खाटेखाली चटईवर झोपलेल्या आईला हलवून उठवते.